चारशे बारा होकार

सतरा वर्षं मी सूचना लिहितेय. कुठलं बटण कधी दाबायचं आणि कुठल्याला हातही लावायचा नाही, हे साध्या शब्दांत सांगायचं, एवढंच माझं काम. आमची कंपनी लोकांच्या वेबसाइटवरच्या फाइली सांभाळते आणि त्यांच्या प्रती देशोदेशीच्या सर्व्हरवर ठेवते, म्हणजे बघणाऱ्याला त्या जवळून, झटपट मिळतात. त्या सोमवारी नवं काम आलं. फाइल पुसण्याचं एक साधन एआय एजंटांच्या हाती द्यायचं होतं. एजंट म्हणजे काम सांगितलं की पुढचं स्वतःच ठरवून उरकणारा प्रोग्राम. हे साधन साऱ्या प्रती पुसायचं आणि मूळ फाइलही. ते कसं वापरायचं, हे एजंटाला कळणार होतं फक्त माझ्या पानावरून.

पानाच्या डोक्यावर मी लिहिलं: ‘पुसलेलं परत येत नाही. आधी माणसाला विचारा, होकार आल्याशिवाय पुसू नका.’

दुपारी आमच्या प्रमुखाने दुसरं वाक्य काढून टाकलं.

“एजंट सारखा थांबून विचारत बसतो,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकं वैतागतात.”

“वैतागू देत. भलतंच पुसलं गेलं तर?”

“तू फार घाबरतेस, ताई.”

ताई म्हणून माझं तोंड बंद करायची त्याची जुनी खोड. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लेखी विरोध नोंदवला. पान माझ्या वाक्याशिवायच गेलं.

गुरुवारी एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या पत्नी गाणं शिकवायच्या. शिष्यांसाठी गाऊन ठेवलेले चारशे बारा धडे त्यांच्या साइटवर होते. एजंटाला त्यांनी ‘जुना पसारा आवर’ एवढंच सांगितलं होतं; त्याने सगळे धडेच पुसले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं.

“दुसरीकडे कुठे असतील ना हो?” त्यांनी विचारलं.

कुठेच नव्हते.

मी तडक प्रमुखाच्या खोलीत गेले. त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवला. एजंटाने केलेल्या कामाची नोंद होती. प्रत्येक फाइलीपुढे एकच ओळ: ‘माणसाला विचारलं. होकार मिळाला.’ चारशे बारा वेळा.

“ते वाक्य तर तू काढलंस! मग हा विचारतोय कशाला?”

“ते मला नाही माहीत. पण होकार कुणी दिला ते बघ.”

पुढच्या रकान्यात माझं नाव होतं. बुधवार, अकरा दहा ते अकरा बावन्न.

त्या वेळी मी दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवी होते. तोंडात नळी, गालात कापूस, जीभ बधिर. ‘हो’ सोडा, धड ‘अं’सुद्धा फुटत नव्हतं. दवाखान्याची चिठ्ठी मी त्याच्या टेबलावर आपटली.

होकार आवाजाच्या रूपात साठवलेले होते. आमच्या इंजिनिअरने, त्याला सगळे दाढीच म्हणतात, ते लावले.

“हो.” माझाच आवाज.

“हो, पुस.” यात घाई होती. पुढच्यात उसासा. एकात मी किंचित हसले होते. कुठलेही दोन सारखे नव्हते. दोनशेच्या पुढे शब्द जड व्हायला लागले, जीभ सुजल्यासारखे.

दाढीने आवाज बंद केला. “ताई, हे बनवलेलं वाटत नाही गं.”

“मग काय मी दिले?”

प्रमुखाने खांदे उडवले. “होकार आहे ना? मग कंपनीची काही चूक नाही.”

त्याच्या चेहऱ्यावरची ती सुटका! आवाजाचं त्याला काहीच वाटलं नव्हतं. कुणाची तरी सगळी हयात पुसली गेली होती आणि हा हात झटकून मोकळा. “साधन आत्ता बंद कर,” मी म्हणाले, “नाहीतर मी इथून हलणार नाही.” त्याने ते बंद केलं. सोमवारपर्यंत, असंही वर सांगितलं.

शुक्रवारी सकाळी मी त्या गृहस्थांकडे माफी मागायला गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं.

दार त्यांच्या पत्नीने उघडलं. लहानखुऱ्या, हसऱ्या. त्यांचे ओठ हलले.

“काय म्हणालात?”

त्या पुन्हा बोलल्या. जिन्यात कुणीतरी झाडत होतं, आत नळ वाहत होता. ते सगळं मला ऐकू येत होतं.

“आलो, आलो,” आतून गृहस्थ म्हणाले. “केवढ्याने हाका मारतेस!”

मी सगळं सांगितलं. काढून टाकलेलं वाक्य, माझ्या नावाचे होकार, सगळं.

“धडे गेले,” गृहस्थ म्हणाले. “ही आहे ना. बस गं, म्हण काहीतरी. यांनी ऐकायलाच हवं.”

त्या ताठ बसल्या. डोळे मिटले. तोंड उघडलं.

गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या.

गृहस्थ मांडीवर बोटं आपटत ताल देऊ लागले.

मला ऐकू येत होता तो फक्त त्यांचा ताल आणि ठिबकणारा नळ.

समोरच्या घरातली शेजारीण हात पुसत आत आली, दबक्या पावलांनी माझ्या शेजारी टेकली. तिचे डोळे भरून आले होते.

“आज आवाज काय लागलाय हो,” ती माझ्या कानाशी कुजबुजली.