आधी पंखा

दार लोटून घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर तुमच्यातला एकही पठ्ठ्या एकटा जिना उतरणार नाही. ही गोष्ट माझ्या धाकट्या साडूची. तुम्ही त्याला ओळखत नाही, ते बरंच आहे. माझी बायको आणि त्याची बायको सख्ख्या बहिणी, त्यामुळे त्याच्या घरातलं सगळं दुसऱ्या दिवशी आमच्या घरात पोचतं. हे मात्र त्याने स्वतः येऊन सांगितलं. सांगताना हातातला चहा पार निवला, तरी त्याने कप खाली ठेवला नाही.

तो एका मोठ्या गोदामात बॅटरीवाला आहे. तिथे माल उचलायच्या गाड्या बॅटरीवर चालतात. एकेक बॅटरी लोखंडी कपाटापेक्षा जड, तिच्यात चोवीस खाने आणि प्रत्येक खान्याला झाकण. संध्याकाळी त्या चार्जिंगला लावायच्या, चार्ज झाल्या की खान्यांत डिस्टिल्ड वॉटर घालायचं. वापरात नसतील त्या लाकडी फळ्यांवर ठेवायच्या आणि त्यांनाही महिन्याला चार्ज द्यायचा, नाहीतर त्या कायमच्या बसतात. काम कंटाळवाणं. पण एक ध्यानात ठेवा. चार्ज होताना बॅटरीतून गॅस निघतो, त्याला ना रंग ना वास. पंखा लावून तो बाहेर काढला नाही आणि एक ठिणगी उडाली, तर आतल्या माणसाचं काही खरं नाही.

हे काम त्याला ज्यांनी शिकवलं, त्यांना सगळे पाणीवाले काका म्हणत. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती, उरलेली कधीतरी बॅटरीखाली चिरडली होती. कोणी चार्जरची वायर बॅटरीला धरून ठेवणाऱ्या चिमट्याला हात घालायला गेला, की काका मागून येऊन त्याच्या उजव्या खांद्यावर तो हात ठेवत आणि म्हणत, "आधी पंखा." दिवसातून दहादा. साडू घरी त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू.

दीड वर्षापूर्वी काका त्या खोलीत भाजले. चिमटा काढताना ठिणगी उडाली आणि पंखा बंद होता. तिसऱ्या दिवशी गेले, एक शब्दही न बोलता. चौकशीत साडूने सांगितलं, काका पंखा लावायला विसरले असतील, वय झालं होतं त्यांचं. कागदावरही तसंच आलं. काकांची बायको तेव्हापासून मान खाली घालून वावरते. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतःच चुकले, असं लोक तिच्या तोंडावर बोलतात.

पंखा साडूने बंद केला होता. बायकोचा फोन आला, घरघरीत ऐकू येईना, म्हणून बटण दाबलं. बोलत बोलत बाहेर गेला आणि विसरला. एवढंच. काका काही सांगायला येणार नव्हते, म्हणून सगळं खापर त्यांच्यावर फोडून हा मोकळा झाला. मला त्याचा राग आला होता आणि अजून आहे.

तर ती रात्र मंगळवारची. नऊ वाजून वीस मिनिटं. चार्जर नऊला आपोआप बंद होत, म्हणून हा पाण्याचा कॅन घेऊन निवांत आत शिरला. पंखा सहालाच लावला होता. दोन बॅटऱ्यांचे चिमटे काढले, चोवीस चोवीस खाने भरले, झाकणं लावली. कोपऱ्यातली तिसरी राहिली होती. तो तिच्यावर वाकला.

हात चिमट्यावर ठेवला...

आणि उजव्या खांद्यावर काहीतरी टेकलं.

ओलं. जड.

त्याला वाटलं, छत गळतंय.

मग ते दाबलं गेलं. एक बोट. दुसरं. तिसरं. आणि चौथं... अर्धंच.

तो वळला नाही. खोलीत शांतता होती. इतकी, की बॅटरीतले बुडबुडे ऐकू येत होते.

बुडबुडे... म्हणजे चार्जर चालू होता.

शांतता... म्हणजे पंखा बंद होता.

त्याने चिमट्यावरून हात काढला. सावकाश, एकेक बोट. दाराकडे निघाला. अकरा पावलं. खांद्यावरचं ओझं अकराही पावलं होतं. उंबऱ्याबाहेर पाय पडला, तेव्हा उतरलं.

इलेक्ट्रिशियनने बाहेरून मेन स्विच बंद केला. पंख्याची मोटर जळाली होती आणि तिसरा चार्जर अडकून चालूच राहिला होता. तो चिमटा निघता, तर ही गोष्ट सांगायला साडू उरला नसता, मी त्याच्या तेराव्याच्या तयारीला लागलो असतो.

घरी येऊन साडू लहान पोरासारखा रडला. "ज्यांचं नाव मी मातीत घातलं, त्यांनीच मला वाचवलं," असं बायकोला म्हणाला. शर्ट तपासला, तर कोरडा. साधा डागसुद्धा नाही. पण बॅटरीतल्या ॲसिडचं तसंच असतं. सुती कपड्यावर पडलं तर लगेच कळत नाही. धुतला, की तिथलं कापड गळून पडतं. दोन दिवसांनी शर्ट धुतला. उजव्या खांद्यावर पुढे चार भोकं, मागे अंगठ्याचं एक. करंगळीचं तोकडं.

मी त्याला सरळ सांगितलं, उद्याच्या उद्या ऑफिसात जा, खरं लिहून दे, आणि मग काकूंच्या पाया पड. तो हो म्हणाला. मग म्हणाला, महिना संपू दे. मग म्हणाला, नोकरी गेली तर पोरीच्या शाळेचं काय? पाच महिने झाले, चालढकल चालूच आहे.

परवा माझी मेहुणी आमच्याकडे आली. पिशवीतून पोरीचा शाळेचा शर्ट काढला. नवा, पांढरा, पहिल्यांदाच धुतलेला. पोरगी नऊ वर्षांची, गोदामाच्या फाटकापर्यंतसुद्धा कधी गेलेली नाही.

मेहुणीने शर्ट बायकोच्या मांडीवर उलगडून ठेवला.

उजवा खांदा...

पुढे चार. मागे एक.