डाव्या सीटवरचा ब्रेक

वैजयंतीबाई बर्गे यांनी दळणाचा डबा नव्या गाडीच्या डिकीत ठेवला आणि गिरणीपासून घरापर्यंत मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून गाडी आणली. डिकी उघडली तर डबा जागच्या जागी उभा. पीठ सांडलं नव्हतं. त्यांनी समाधानाने मान हलवली. छोट्या एसयूव्हीची परीक्षा घ्यायची तर अशी घ्यावी, असं त्यांचं मत होतं. जाहिरातीत ही गाडी नदीतून जात होती आणि वाळवंटात धूळ उडवत होती. साताऱ्यात एकट्या राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला वाळवंटाशी काय देणंघेणं? तिला गिरणी, मंडई, दवाखाना आणि सकाळी यवतेश्वरच्या पठारावर फिरून येणं, एवढं जमलं की झालं.

गाडी आठवडाभर चाचणीसाठी घरी होती. हट्ट मुलीचा, ऋजुताचा. ती हैदराबादला. "आई, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि तू घाटात गाडी घालतेस. निदान स्वतः थोडं बघणारी गाडी तरी घे," असं ती दर फोनला सांगायची. तशी गाडी वाईट नव्हती. सीट उंच, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. मोती चौकात एका दमात वळते. मागच्या काचेतून मात्र जेमतेम दिसतं, आणि हॉर्न इतका भिडस्त की रिक्षावाले वळूनही बघत नाहीत.

आणि एक खोड होती. पठारावरून उतरताना घाटात एक डावं वळण लागतं. तिथे गाडी आपणहून वेग कमी करायची. रस्ता मोकळा असो, ऊन असो, समोर चिटपाखरू नसो, रोज त्याच ठिकाणी. आठवडा संपला तेव्हा विक्री करणारा तेजस फाळके गाडीचं काय ठरलं ते विचारायला आला, सोबत कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. वैजयंतीबाई म्हणाल्या, "पेढे राहू देत. आधी गाडीत बसा. तुमच्या गाडीला कसलं भूत दिसतं ते दाखवते."

तेजस डाव्या सीटवर बसला. जुन्या गाडीतही तीन वर्षांत त्यांच्या शेजारच्या सीटवर पिशवीखेरीज कुणी बसलं नव्हतं. त्यांनी पिशवी उचलून मागे टाकली.

उतरताना ते वळण आलं आणि गाडीने वेग कमी केला.

"बघितलंत?"

तेजसने मांडीवरच्या टॅबच्या पडद्यावर काहीतरी उघडलं. "हा बिघाड नाही, काकू. ही सवारीस्मृती आहे. पहिल्या दिवशी मी तुमच्या जुन्या गाडीतून हिच्यात उतरवली ना, तीच."

सवारीस्मृती म्हणजे काय ते त्यांना ढोबळ ठाऊक होतं. गाडीच्या सीटमध्ये आणि पायाखालच्या चटईत दाब ओळखणारे धागे विणलेले असतात. कोण कसं बसतं, कुणाची पाठ कुठल्या धक्क्याला दुखते, कोण कुठे दचकतं, हे गाडी टिपून ठेवते. जुनी गाडी नुसती टिपून ठेवायची, पुसायची काही नाही. ही नवी त्याप्रमाणे वागायचीसुद्धा.

"पण मी इथे कधी ब्रेक मारत नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नाही. डाव्या सीटवरच्या माणसाने." तेजस पडद्याकडे बघत होता. "इथे आलं की उजवा पाय चटईवर जोरात दाबलाय. रोज. असं बऱ्याच जणांचं असतं, शेजारी बसून ब्रेक मारतात. गाडीला वाटतं, या वळणावर काहीतरी धोका आहे."

वैजयंतीबाईंनी गाडी कडेला घेतली.

वैजयंतीबाईंचे यजमान, शिरीषराव, गाडी शिकले नव्हते. चालवायची वैजयंतीबाईंनीच. शिरीषरावांच्या हृदयाच्या बायपासनंतर दोघं रोज पठारावर चालायला यायचे, आणि एकदा याच वळणावर म्हशींचा कळप आडवा आला होता. म्हशी गेल्या त्या गेल्या, पण शिरीषरावांचा पाय काही तिथून हलला नाही. वळण आलं की तो चटईत रुतायचा. "तुमच्या बाजूला एक ब्रेक बसवून घेऊ का?" असं त्या चिडवायच्या. "बसवला तर तुझी नोकरी जाईल," असं ते म्हणायचे. ते गेल्यावर वैजयंतीबाईंनी त्यांचे कपडे दिले, चष्मा दिला, पलंगही हलवला. हा पाय राहिला होता हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना एकदम रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

तेजस गोंधळला. "काकू, मी काढून टाकतो ते. मिनिटाचं काम आहे."

"हात लावू नका."

"बरं. पण तसंही ते जाणारच. गाडी शिकत राहते. डावीकडून कुणी पाय दाबला नाही, तर महिनाभरात तिला कळेल की इथे भीती नाही. मग वेग कमी करणार नाही."

"नाही जाऊ द्यायचं म्हटलं तर?"

"स्मृती गोठवता येते. पण ती सगळ्यांची मिळून एकच असते. गोठवली तर गाडी तुमचंही नवं काही शिकणार नाही." तो जरा घुटमळला. "पुढे नजर मंदावते, हात सावकाश होतात. ते ओळखून सांभाळायला तर ही गाडी घ्यायची."

खाली सातारा उन्हात पसरला होता. शेजारी बसून आपल्यासाठी घाबरणारं माणूस जाऊन तीन वर्षं झाली, आणि आता त्याची भीती तेवढी हाताशी आली होती. ती ठेवायची, तर गाडीने आपल्याकडे बघायचं थांबवायचं. शिरीषरावांना हे विचारलं असतं तर? बायकोचं म्हातारपण न ओळखणाऱ्या गाडीत ते बसले असते, तर घरापासूनच पाय दाबून बसले असते.

"गोठवू नका," त्या म्हणाल्या. "शिकू दे तिला. गाडी मी घेते."

पेढे त्यांनी दोन घरी वाटले. बाकीचे फ्रीजमध्ये राहिले.

त्यानंतर त्या रोज एकट्याच पठारावर जाऊ लागल्या. उतरताना त्या वळणाच्या अलीकडे रेडिओ बंद करायच्या. गाडी अजून मंदावायची, पण दर आठवड्याला जरा कमी. मग नुसतं घुटमळल्यासारखं करायची. एका सकाळी ते अगदी पुसट जाणवलं. उद्या नसणार, असं त्यांना वाटलं. घरी येऊन त्यांनी एकटीचा चहा केला आणि तो न पिता तसाच ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी वळण आलं आणि गाडीने वेग कमी केला. पुसट नाही, चांगला पहिल्यासारखा.

वैजयंतीबाईंनी डावीकडे पाहिलं. सीटवर पिशवी होती. मग त्यांनी खाली पाहिलं. या गाडीला क्लच नाही, डाव्या पायाला काही कामच नाही. पण तो पाय चटईत रुतला होता, इतका की पोटरी दुखत होती. आपण तो कधीपासून दाबत होतो, ते त्यांना आठवेना.

त्यांनी पाय सोडला. गाडी सावकाश वळण उतरली. आज ही कुणासाठी मंदावली होती? शिरीषरावांच्या उरलेल्या भीतीसाठी, की डावीकडे कुणी नसताना आपल्यालाच वाटू लागलेल्या भीतीसाठी?