बंद तोंडाचा पाईप

भर दुपारची गोष्ट आहे, लख्ख ऊन होतं, म्हणून तर मला अजून पटत नाही. मी डायलिसिस वॉर्डात टेक्निशियन आहे. त्या दिवशी पाण्याचा नमुना काढायला बाटली घेऊन निघाले होते. आमच्याकडे एकेका पेशंटच्या रक्ताशेजारून पिंपंच्या पिंपं पाणी जातं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. त्यामुळे पाण्याला आम्ही लेकरासारखं जपतो.

खिडकीजवळच्या पलंगावर एक आजोबा असायचे, महा थट्टेखोर. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"पोरी, तोंडात कसलंतरी येतंय गं... फुलदाणीतलं सडकं पाणी प्यायल्यासारखं."

"आजोबा, हे पाणी तोंडात येतच नाही."

"ते त्या पाण्याला सांग," ते म्हणाले. पण हसले नाहीत. त्यांचे दात वाजायला लागले होते.

शेजारच्या बाईंनाही हुडहुडी भरली. मग पलीकडच्या तरुणाला. सगळ्यांच्या तोंडात तीच घाण चव. डॉक्टर मॅडम धावत आल्या. "मशीन थांबवा! सगळी!"

पेशंट जरा सावरल्यावर त्यांना दुसऱ्या दवाखान्यात हलवलं. मी प्लंबरला घेऊन पाण्याच्या खोलीत शिरले. टाकी स्वच्छ, फिल्टर स्वच्छ. वास मात्र कपाटामागून येत होता... कुबट, गोडसर, घशाला चिकटणारा. कपाट सरकवलं. मागे लाईनला जोडलेला एक जुना पाईप होता, पुढचं तोंड बूच मारून बंद केलेला. पाणी त्यात शिरायचं, तिथंच कुजत पडायचं आणि पुन्हा लाईनमध्ये मिसळायचं.

"हा मेला कुणी ठेवला इथं?" प्लंबर पुटपुटला. त्यानं व्हॉल्व्ह बंद केला आणि करवत लावली.

पाणी आलंच नाही. आलं ते गुलाबी, बुळबुळीत, अंगठ्याएवढं जाड, शेंबडासारखं लोंबणारं काहीतरी. प्लंबरनं हातमोजा चढवून ते धरलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"ताई... हे कोमट आहे."

लाईनमधलं पाणी तर गार असतं.

आम्ही बघतच राहिलो. ते लोंबणारं टोक सावकाश, जीभ आत घ्यावी तसं, पाईपात परत गेलं.

प्लंबर कोपऱ्यात जाऊन ओकला. मग शिव्या घालत त्यानं तो पाईप मुळापासून कापला, ब्लीचनं काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवला आणि झाकण दोरीनं करकचून बांधलं.

सगळी लाईन नवी टाकली. तपासण्या चोख आल्या. आजोबा परतले आणि पहिल्याच दिवशी सिस्टरच्या चपला लपवून बसले. आम्हाला हायसं वाटलं.

मग ती बादली फेकून द्यायला आम्ही दोघं पाण्याच्या खोलीत गेलो. दोरीची गाठ जशीच्या तशी होती. प्लंबरनं ती कापली, मी नाक दाबून झाकण काढलं.

कसलाच वास आला नाही. आत ब्लीचचा थेंब नव्हता. बादलीला चीर नव्हती, खालची फरशी कोरडी ठणठणीत होती. तळाशी फक्त तो पाईप पडला होता... आतून लखलखीत, कुणीतरी चाटूनपुसून घेतल्यासारखा.