धुराड्यावरची ताडपत्री

नाशकात बंब पेटवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यामुळे लेकीच्या हॅम्बर्गच्या घरातली जुनी लोखंडी शेगडी पाहून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. बसा जरा जवळ, सांगते.

२०१३चा डिसेंबर होता. धुराड्याच्या माथ्यावरचं सिमेंट तडकलं होतं, पावसाचं पाणी आत झिरपून भिंतीला ओल आली होती. गवंडी नाताळानंतर येणार आणि वादळाचा इशारा तर उद्याचाच! आमचे जावई सुमितराव पडले चिपळूणचे. पावसाळा आला की छपरावर ताडपत्री घालायची, हे त्यांच्या रक्तातच. छपरावर चढून त्यांनी धुराड्याचं तोंड ताडपत्रीने गच्च बांधून टाकलं. शेगडी कुणी पेटवतच नाही, म्हणून मला सांगायचं राहिलं. एवढे इंजिनियर, पण घरात सासू आलीय हे काही हिशेबात धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं. घरात मी आणि सात वर्षांची नात तनया, दोघीच. गाड्या बंद पडल्या, माझी लेक विभावरी आणि सुमितराव ऑफिसातच अडकले. चारलाच अंधारलं आणि मग हीटिंगही बंद पडलं. पोरगी कुडकुडायला लागली, तशी मी शेगडीत कोळशाच्या विटा रचल्या आणि काडी ओढली.

थोडा धूर खोलीत आला. जुनी शेगडी, करायचीच नखरे, म्हणत मी तिचं दार घट्ट लावलं. हळूहळू कोळसा लाल झाला. छान ऊब आली. तनया माझ्या मांडीवर झोपली. माझंही डोकं जड झालं, हातपाय हलेनात... ती झोप किती गोड होती, काय सांगू!

तेवढ्यात छपरावर पावलं वाजली.

माणूस उभा राहणार नाही अशा वाऱ्यात कुणीतरी सावकाश चालत होतं. कौलं करकरत होती. पावलं धुराड्यापाशी थांबली. मग भिंतीच्या आतून खरवडल्यासारखा आवाज आला आणि ओल्या काजळीचा वास सुटला. मला ओरडायचं होतं, पण जीभ उचलेना. देवा, पोरीला तरी वाचव... एवढंच मनात येत होतं.

शेगडीच्या दाराआडून कुणीतरी हळूच बोललं. पुरुषाचा आवाज होता, जर्मन बोलत होता. मला ओ की ठो कळलं नाही.

तनया मात्र उठली. धडपडत खिडकीपाशी गेली आणि तिने दोन्ही दारं सताड उघडली. गार वारा थोबाडीत मारल्यासारखा लागला. त्याच क्षणी शेगडी भणभणून पेटली आणि खोलीतला धूर वर ओढला गेला.

संध्याकाळी दोघं घरी आले. शेगडीतले निखारे पाहून सुमितराव पांढरेफटक पडले. "आई, तुम्ही पेटवलीत? अहो, वर ताडपत्री बांधलीय!"

टॉर्च घेऊन ते बागेत धावले. ताडपत्री भिंतीलगत होती. फाटलेली नव्हती, घडी घालून ठेवली होती. वर दोरीचं वेटोळं, एकूण एक गाठ सोडवलेली.

आत येऊन ते माझ्या पाया पडले. मी म्हटलं, "माझ्या कशाला? वर छपरावर आला त्याच्या पडा," आणि पावलं, आवाज, सगळं सांगितलं.

विभावरीने लेकीला कुशीत घेतलं. "कोण बोललं गं तुझ्याशी?"

तनया जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. विभावरीने तिला आणखी घट्ट धरलं.

मी विभावरीला म्हटलं, "अगं, सांग ना मला..."

"आई, म्हणजे... तो म्हणाला, खिडकी उघड. आणि मग विचारलं, या वेळी सगळे जागे आहात ना?"

मागच्या वेळी या शेगडीपाशी कोण झोपलं आणि उठलंच नाही, ते घर विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. घर मात्र आम्ही सोडलं नाही. ज्या घराला असा राखणदार आहे, ते कुणी सोडतं का? गवंड्याने माथा नीट बांधून वर पत्र्याची टोपी बसवली. आता दर हिवाळ्यात मी येते आणि शेगडी मीच पेटवते. पेटली की वर बघून मोठ्याने सांगते, "हो बाबा, सगळे जागे आहोत." मराठीतच सांगते.

मगच छपरावरची पावलं हळूहळू दूर जातात.