नवमीचे पान

दार उघडताच मंदाकिनीची दृष्टी सोहमच्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे गेली… जिन्यात कोणीच नव्हते!

"मोहना कुठे राहिली? खाली?"

"मोहना?" सोहमने बूट काढता काढता वर पाहिले. "मला काय माहीत? क्लासला असेल ना."

आतल्या खोलीतून हेरंब लगबगीने बाहेर आले. संस्कृतचे अध्यापन करण्यात हयात घालवलेला तो शांत, मितभाषी पुरुष. परंतु त्या क्षणी त्यांच्या मुखावरून शांती कोणीतरी पुसून टाकल्यासारखी दिसली. दुपारी मोहनाची मैत्रीण शिवांगी हिचा फोन त्यांनीच घेतला होता. "मोहना दादा पासे छे, अंकल. मोडुं थशे, चिंता ना करता," एवढे बोलून तिने घाईने फोन ठेवला होता, आणि हेरंबांनी मोठा निःश्वास टाकून पत्नीला सांगितले होते, "दादाजवळ आहे म्हणे. उशीर होईल. सोहम बरोबर आहे ना, मग काळजी नाही."

काळजी नाही! त्या भाद्रपदात बडोद्यात काळजी नसलेले घर कुठे होते? शहराबाहेर नदीकाठच्या कोतरात, त्या खोल घळीत, दोन किशोरींचे देह सापडले होते. दोघींचाही एकाच रीतीने गळा आवळलेला. दोघीही कोणा ओळखीच्याच माणसाबरोबर हसत, स्वखुशीने गेल्या होत्या, असे पोलीस म्हणत होते. गोत्रीतल्या त्यांच्या सोसायटीत तेव्हापासून मुली एकट्या दूध आणायलाही खाली उतरत नव्हत्या.

"तुझ्याबरोबर नव्हती? सकाळपासून तू कुठे होतास?" हेरंबांनी विचारले.

सोहमने एकवार आईकडे पाहिले, एकवार हेरंबांकडे, आणि मान खाली घातली.

"नदीवर गेलो होतो, बाबा."

"कशाला?"

सोहमने खांद्यावरची पिशवी काढून खुर्चीवर ठेवली.

हेरंबांनी पुन्हा शिवांगीला फोन लावला. ती मुलगी रडकुंडीला येऊन तेच तेच सांगत राहिली, "दादा पासे छुं, एम ज कह्युं'तुं, अंकल! फोननी बॅटरी जाय छे बोली, अने कपाई गयो!" कोणता दादा, हे विचारण्याचे त्यांना सुचले नाही आणि सांगण्याची तिला आवश्यकता वाटली नाही, कारण त्या एका शब्दाचा अर्थ दोघांच्याही मनात निःसंदिग्ध होता.

मंदाकिनी भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या मनात काही केल्या काही जुळेना… सोहम तिच्या पोटचा. पहिला संसार विधात्याने पुसून टाकल्यावर त्या चिमुरड्याचे बोट धरून ती हेरंबांच्या घरात आली होती. आणि मोहना हेरंबांची, आईवाचून राहिलेली, तेव्हा जेमतेम बोलू लागलेली. 'सावत्र' हा शब्द आपल्या वाऱ्यालाही उभा राहू नये म्हणून मंदाकिनीने त्या दिवसापासून एक कठोर व्रत घेतले होते. पहिला घास मोहनाचा, नवे वस्त्र आधी मोहनाचे, दोघे भांडले तर चूक सोहमची! सोहमने कधी तक्रार केली नाही. लहानपणी एकदाच तो गमतीने म्हणाला होता, "आई, मी तुझा सावत्र आहे का गं?" आणि ती हसली होती… त्या हसण्याची आठवण आज का यावी?

पोलीस आले. अधिकारी बाई गुजराती होत्या; वयाने मंदाकिनीएवढ्याच, बोलण्यात सौम्य, परंतु दृष्टी सुईसारखी. हेरंबांनी त्यांना सांगितले, "ती आपल्या भावाबरोबर आहे, असं तिच्या मैत्रिणीनं कळवलं होतं." शब्दाचे भाषांतर त्यांनी स्वतःच करून टाकले! ज्या शब्दाने ती बाई कदाचित थबकली असती, तो शब्द तिच्या कानांपर्यंत पोहोचलाच नाही.

"अने भाई आ?" बाईंनी सोहमकडे वळून विचारले. "सगो भाई?"

हेरंब अडखळले. "माझ्या… पत्नीचा मुलगा."

सोहमच्या चेहऱ्यावरचा रंग त्या तीन शब्दांनी उतरला. आजवर हेरंबांनी त्याची ओळख 'माझा मुलगा' याखेरीज दुसऱ्या कोणत्याही शब्दांनी करून दिली नव्हती.

जमादाराने त्याची पिशवी जमिनीवर उपडी केली. ओले धोतर, ओला पंचा, किनाऱ्यावरचा चिखल लागलेल्या चपला…

"बोल, भाई. नदीए शुं करवा गयो'तो? ए बे छोकरी पण नदीना कोतरमांथी ज मळी छे!"

"मला नाही सांगता येणार," सोहम म्हणाला. "पण मोहनाला मी सकाळपासून पाहिलेलं नाही. शपथ घेतो. बाबा, तुमची शपथ."

"माझी शपथ घेऊ नकोस!" हेरंब किंचाळले.

आणि तेव्हा… इतक्या वर्षांचे ते व्रत, ती सवय, ते 'आधी मोहना' मंदाकिनीच्या कंठातून तिच्याही नकळत बाहेर पडले. तिने सोहमचे दोन्ही खांदे धरून त्याला गदागदा हलवले.

"खरं सांग, सोहम! माझ्या पोरीचं काय केलंस तू?"

सोहमने आईचे हात हळुवारपणे आपल्या खांद्यांवरून काढले. त्याच्या डोळ्यांत अश्रू नव्हते, क्रोधही नव्हता. अरण्यात वाट चुकलेल्या बालकाच्या डोळ्यांत असते तेवढेच होते… आश्चर्य!

"एवढंच विचारायचं होतं, आई?"

इतक्यात अधिकारी बाईंचा फोन वाजला. त्या दोन शब्द बोलल्या, ऐकत राहिल्या आणि त्यांचा स्वर एकाएकी खाली आला. कोतरापाशी आणखी एक मुलगी सापडली होती. वय तेच. ओळख पटवायला वडिलांना यावे लागेल.

हेरंब निघाले तेव्हा त्यांना कोणत्या पायात कोणती चप्पल घालावी हेही समजत नव्हते. सोहमला पोलिसांनी जीपमध्ये मागे बसवले. मंदाकिनी "मीही येते" म्हणत धावली, तशी बाईंनी तिला उंबऱ्यातच थांबवले. "बहेन, तमे घरे रहो. छोकरी पाछी आवे तो दार कोण उघाडशे?"

परत येईल? की…? मंदाकिनीला एक प्रार्थनाही धड सुचेना. ती मुलगी मोहना नसावी, असे मागावे, तर ती दुसऱ्या कोणाची असावी असे मागितल्यासारखे होते! सोहम निर्दोष असावा असे मागावे, तर मग मोहना कुठे? एका अपत्यासाठी केलेली प्रार्थना दुसऱ्याच्या अंगावर पडत होती. ती मटकन खाली बसली, पिशवी जिथे उपडी केली होती तिथेच, आणि तिचा तळहात ओल्या फरशीवर टेकला.

हात उचलला तेव्हा तळहाताला काळे तीळ चिकटले होते.

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग खुर्चीखाली पडलेले दर्भाचे लहानसे वेटोळे तिला दिसले. तर्पणाच्या वेळी अनामिकेत घालतात ते पवित्रक! आज कोणती तिथी? भाद्रपद वद्य… नवमी.

नवमी! विश्राम, तिचा पहिला पती, सोहमचा जन्मदाता, नवमीलाच गेला होता! या घरात आल्यापासून हेरंबांचे मन दुखावू नये म्हणून तिने ती तिथी मनातूनही पुसली होती. आणि ते पोर… आपल्याला नाव देणाऱ्या बापाला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप चांदोदला जाऊन नर्मदेत उभे राहून बापाला तिलांजली देऊन आले होते. आणि खुनाचा आळ अंगावर आला तरी त्या बापासमोर ते नाव त्याने ओठांवर आणले नव्हते!

"सोहम… माझ्या राजा, मी काय विचारलं रे तुला!" रिकाम्या घरात तिचा हुंदका फुटला.

खालच्या बागेतून त्याच वेळी एका लहान मुलाचा हट्टी स्वर वर आला. "दादा! ओ दादा! मने तेडी लो ने!"

मंदाकिनी सहज खिडकीतून खाली बघू लागली. शेजारचे ते गुजराती बालक दोन्ही हात वर करून उभे होते, आणि त्याला उचलून घ्यायला कमरेवर हात ठेवीत वाकत होता तो त्याचा भाऊ नव्हे… तो शुभ्र केसांचा त्याचा आजा होता.

दादा म्हणजे आजोबा.

अंधाऱ्या गाभाऱ्यात कोणी समई लावावी तसे झाले. गॅलरीत उभी राहून मैत्रिणींशी तासन् तास गुजराती बोलणारी मोहना तिने किती वेळा ऐकली होती! हेरंबांनी घरात गुजरातीला कधी थारा दिला नाही, म्हणून गुजरातीत बोलताना ती सोहमला काय म्हणते हे त्यांना ठाऊक नव्हते. पण मंदाकिनीला होते. मराठीत 'दादा' म्हणणारी ती पोर जीभ बदलली की सोहमला 'सोहमभाई' म्हणत असे. मग शिवांगीपाशी गुजरातीत उच्चारलेला 'दादा' कोण?

मोहनाला आजा एकच होता. तरसालीत राहणारे हेरंबांचे वडील, जयवंतराव. हेरंबांनी लेकुरवाळ्या विधवेशी विवाह केला, त्या दिवशी त्या वृद्धाने म्हटले होते, "दोनदा कुंकू लावलेली बाई माझ्या देवघराला चालायची नाही. माझ्या उंबऱ्यावर तिची सावली नको." तेव्हापासून दोन्ही घरांत जाणे-येणे उरले नव्हते.

ती रिक्षात बसली तेव्हा हेरंबांचा फोन लागत नव्हता. तरसालीपर्यंत ती तीळ चिकटलेला हात मुठीत आवळून बसली होती.

दार अर्धे उघडेच होते. आत पाटापुढे केळीचे पान मांडलेले; खीर, वडे, आमसुलाची चटणी, सारे वाढलेले आणि थंड झालेले. पानापाशी एक हिरवे पातळ आणि बांगड्या. भिंतीवर दोन तसबिरी, एक हेरंबांच्या आईची, दुसरी मोहनाच्या जन्मदात्रीची. आणि त्यांच्यासमोर, गुडघ्यांत मान घालून…

"मोहना!"

"आई? तू… इथे?" मुलगी धडपडत उठली आणि तिच्या गळ्यात पडली. "शिवांगीनं सांगितलं ना घरी? फोन बंद झाला गं माझा. आज अविधवा नवमी. आजोबा दर वर्षी एकटेच करतात. आईचं… म्हणजे तिचं पान. तुला वाईट वाटेल म्हणून मी सांगत नव्हते. फोनवर तू आली असतीस तर तुझ्याशी खोटंही बोलवलं नसतं आणि खरंही. म्हणून शिवांगीला सांगितलं…"

दोन्ही पोरांनी एकच केले होते! जिवंत असलेल्याचे मन राखण्यासाठी आपापल्या मेलेल्याला चोरून भेटायला गेली होती.

तिने हेरंबांना पुन्हा फोन लावला. या वेळी लागला.

"मोहना सापडली. इथे आहे, तरसालीला, बाबांकडे. सुखरूप आहे!"

पलीकडून हेरंबांचा हुंदका ऐकू आला.

"ही आपली नाही, मंदाकिनी. मी चादर दूर करून पाहिलं," ते म्हणाले. "पण कुणाची तरी आहे गं… तिचे वडील आत्ताच आलेत. मला त्यांच्याकडे बघवत नाहीये." मग ते म्हणाले, "तो सापडला. गावकऱ्यांनीच पकडला. मुलींना क्लासला नेणारा-आणणारा माणूस. पोरी त्याला 'काका' म्हणायच्या."

काका… आणि भोळ्या मुली नात्याच्या त्या एका शब्दावर विसंबून त्याच्यामागे गेल्या होत्या!

फोन ठेवताना मंदाकिनीच्या ध्यानात आले की आपण उंबऱ्याच्या आत उभ्या आहोत. ती चपापून मागे सरली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

जयवंतराव कोपऱ्यातल्या खुर्चीतून काठीच्या आधाराने उठले. सकाळपासून उपाशी असलेला तो वृद्ध दारापर्यंत सावकाश आला.

"या भीतीमुळे आज सवाष्ण मिळाली नाही," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले. "तीन घरी सांगून ठेवलं होतं. कोणी घराबाहेर पडेना. या पोरीला एकटीला परत पाठवायला मला धीर होईना, आणि पान तसंच राहिलं." त्यांनी तसबिरींकडे पाहिले. "दोघी सासू-सुना सकाळपासून वाट बघतायत. तू… बसशील का पानावर?"

"मी?" मंदाकिनीच्या तोंडून उद्गार निघाला. "बाबा, मी तर दोनदा…"

"ठाऊक आहे मला. माझेच शब्द आहेत ते, मलाच चावतायत." आणि आता त्यांनी तिच्याकडे पाहिले. "आत ये, सूनबाई."

मोहनाने तिच्या कपाळाला कुंकू लावले, हिरवे पातळ खांद्यावर घातले. पण मंदाकिनी पानाला हात लावीना. तिचे डोळे दाराकडे लागले होते.

ते दोघे आले तेव्हा ऊन उतरणीला लागले होते. हेरंब पुढे झाले नाहीत. त्यांनी सोहमच्या पाठीवर हात ठेवला आणि वडिलांना म्हणाले, "हा माझा मुलगा, सोहम." एवढे बोलून ते लहान मुलासारखे रडू लागले. सोहमनेच त्यांना सावरले.

मग तो आईपाशी येऊन बसला. तिने मूठ उघडली. काळे तीळ अजून तळहाताला चिकटलेले होते. त्याने ते पाहिले.

"आई… तुला खरंच वाटलं होतं?"

खोटे सांगता आले असते. एका शब्दात त्याची जखम झाकता आली असती. पण ज्या पोराने एवढे मोठे सत्य उरात दडवले होते, त्याला ती असत्य देऊ शकली नाही.

"हो रे," ती म्हणाली. "क्षणभर… वाटलं. देव मला क्षमा करील न करील; तू करशील का?"

सोहमने तिच्या तळहातावरचा एकेक तीळ वेचायला सुरुवात केली, अगदी सावकाश, तिला टोचू नये अशा बेताने.

मंदाकिनीने सवयीनेच पहिला घास कालवून मोहनाकडे नेला. मोहनाने तिचे मनगट धरले.

"आज नाही. आधी दादाला दे, आई."

जयवंतरावांची मान किंचित वर झाली आणि क्षणार्धात, हा 'दादा' मराठीतला हे उमजून, ओल्या हसण्याने पुन्हा खाली गेली. तो घास कोणाचा, याविषयी त्या घरात आता कोणाच्याच मनात संभ्रम उरला नव्हता. मंदाकिनीने हात वळवला… आणि सोहमने तोंड उघडले.