बस म्हणायचं नाही

ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्या. मी वाद घालणार नाही. मीरा रोडला येऊन अभिनवला विचारा, तो सांगेल.

म्हणजे... बोलला तर.

अभिनव माझा मावसभाऊ. घटना मागच्या नोव्हेंबरची, आणि आधीच सांगतो, रात्र नव्हती. भर दुपार होती. खाली भंगारवाला ओरडत होता, शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. असल्या वेळी कोण घाबरतं?

त्याआधी दोन वर्षं अभिनव जपानला होता. टोकियोजवळ, सायतामाला. भाषा शिकायची आणि तिथेच नोकरी धरायची असा बेत. सकाळी क्लास, संध्याकाळी जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात. पट्ट्यावर डबा यायचा, भातावर एक लोणचं ठेवायचं. पुढचा डबा, भातावर एक लोणचं. खोली एवढीशी की झोपल्यावर पाय भिंतीला. गाडीत त्याच्या शेजारची सीट रिकामी राहायची. लोक उभे राहायचे, पण बसायचे नाहीत. आधी वाईट वाटायचं. मग म्हणायला लागला, बरंय, पिशवी ठेवायला जागा होते.

नोकरीसाठी किती ठिकाणी गेला, त्याचं त्यालाच आठवत नाही. तिकडे नकाराच्या मेलच्या शेवटी लिहितात, आपल्या पुढच्या वाटचालीसाठी आम्ही प्रार्थना करतो.

"अख्खा जपान माझ्यासाठी प्रार्थना करतोय," अभिनव म्हणायचा, "नोकरी कोणी देत नाही."

मुलाखतीला काळा सूट लागतोच. नवा परवडेना, म्हणून त्याने जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतला. आत, खिशाच्या वर, दोऱ्याने आधीच्या मालकाचं नाव भरलेलं होतं. हिराई. तिकडे अशी पद्धत आहे. सूटला सिगारेटचा वास यायचा. दोनदा ड्रायक्लीन केला तरी जाईना.

व्हिसा संपला. सूट घेऊन पोरगा घरी परत.

मग एका एजन्सीने शेवटचा चान्स आणला. जपानी कंपनीचा साहेब स्वतः येणार होता, काशीमीऱ्याच्या एका हॉटेलात मुलाखती घ्यायला. जागा एकच.

"हे झालं तर झालं," अभिनव आईला म्हणाला. "नाहीतर मी परत सूट घालणार नाही. दमलोय गं."

मग घरात प्रॅक्टिस सुरू झाली. तिकडे मुलाखतीच्या खोलीत जायची पण रीत असते. दार तीनदा वाजवायचं. आतून "दोझो" म्हणतात, म्हणजे या. मग "शित्सुरेई शिमास" म्हणून आत यायचं, वाकायचं, आणि खुर्चीच्या बाजूला उभं राहायचं. 'बसा' म्हणेपर्यंत बसायचं नाही. निघताना "शित्सुरेई शिमाश्ता" म्हणायचं, येतो म्हणतो ना आपण, तसं. तेव्हाच ती भेट संपते.

साहेब कोण? तर त्याची आई, माझी लक्ष्मीमावशी. बेडरूममध्ये पलंगावर मेथी निवडत बसलेली, समोर अभिनवसाठी एक खुर्ची.

टक टक.

"दोझो!"

"आई, दोनदा वाजवलं तर दोझो म्हणायचं नाही. दोनदा संडासाला वाजवतात."

"आपल्याकडे संडासाला वाजवत नाहीत, बाहेरून बोंबलतात." हॉलमधून ईश्वरकाका, अभिनवचे बाबा.

टक टक टक.

"दोझो. बस रे बाबा, किती वाकशील. सासऱ्यापुढे पण एवढा वाकू नकोस."

महिनाभर हेच. मावशीला एवढी सवय लागली की भाजी ढवळताना तीन टकटक ऐकल्या तरी तोंडातून "दोझो" जायचं.

मुलाखतीच्या चार दिवस आधीची ती दुपार.

अभिनव एजन्सीत कागद द्यायला काशीमीऱ्याला गेलेला. काका कामावर. मावशी घरात एकटी, बेडरूममध्ये कपडे घडी करत. काम झालं आणि अभिनवने तिला फोन लावला. हायवेला ट्रकचा आवाज, म्हणून एका गॅरेजच्या आत जाऊन उभा राहिला.

"आई, येताना काय आणू?"

"कोथिंबीर आण. आणि रिक्षावाल्याला सुट्टे दे, नाहीतर तो..."

टक टक टक.

फोनमध्ये. स्पष्ट.

"दोझो," मावशी म्हणाली. आणि पुढे, "...नाहीतर तो उगाच भांडत बसतो."

बेडरूमचं दार करकरलं. फोनवर ऐकू आलं त्याला. मग पावलं... हळू, मोजून टाकलेली. दोन-तीन. मग थांबली.

"आई..." अभिनव म्हणाला. "मी काशीमीऱ्याला आहे."

मावशीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"मग आत्ता मी कुणाला..."

दाराकडे तिची पाठ होती. वळली तेव्हा दार सताड उघडं, खोलीत कोणी नाही. खुर्ची रिकामी. फक्त सिगारेटचा वास.

त्यांच्या घरात कोणी सिगारेट ओढत नाही.

सूट? हॉलमध्ये खुंटीला होता, तिथेच होता.

काका हसले. "उंदीर असेल." उंदीर दार तीनदा वाजवतो का, हे कोणी विचारलं नाही.

पण मावशीच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. जे कोणी आलंय ते रीत पाळणारं आहे. आत बोलावलं म्हणून आलं. आता ते उभं आहे... कोणीतरी 'बस' म्हणेपर्यंत.

"आणि बसलं तर?" अभिनवने विचारलं.

"तुझी खुर्ची आहे ती," मावशी म्हणाली. "तिच्यात दुसरं कोणी बसायचं नाही."

त्या दिवसापासून घरात 'बस' बंद. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हंसाबेन आल्या, मावशी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

"क्या भाभी, बैठने को भी नहीं बोलोगे?"

मावशीने हात धरून त्यांना किचनमध्ये नेलं आणि ओट्यापाशी उभ्यानेच चहा दिला. बिचाऱ्या रागावून गेल्या.

चार दिवस निघाले. बेडरूममध्ये काही दिसलं नाही. पण अभिनव सांगतो, खुर्चीच्या डाव्या बाजूने कोणी जात नव्हतं. जागा असून वळसा घालायचे. काका पण.

मुलाखतीच्या सकाळी त्याने सूट घातला. दुसरा नव्हताच.

हॉटेलात एजन्सीच्या दिशा मॅडम बाहेर टेबल टाकून बसलेल्या. त्याच्याकडे बघून हसल्या, मग त्याच्या मागे बघून पण हसल्या. आत गेल्या आणि बाहेर आल्या.

"जाइए. कुर्सी लगा दी है."

टक टक टक.

"दोझो."

आत गेला, वाकला. समोर म्हातारा जपानी साहेब. आणि टेबलासमोर खुर्च्या... दोन.

"बसा," साहेब जपानीत म्हणाला. अभिनव बसला.

साहेबाने त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं. थोडं वाकून, फार अदबीने म्हणाला,

"आपणही बसा."

शेजारची खुर्ची करकरली.

अभिनवने मान वळवली नाही. साहेबाने त्याला एक प्रश्न विचारला, त्याने उत्तर दिलं. मग साहेबाने रिकाम्या खुर्चीकडे बघून प्रश्न विचारला. आणि थांबला. मान हलवत ऐकत राहिला. मध्येच हसला, काहीतरी लिहून घेतलं.

असंच चाललं. एक प्रश्न इकडे, एक तिकडे. पुढे पुढे तिकडेच जास्त.

मी अभिनवला विचारलं, उठून ओरडला का नाहीस? तो म्हणाला, "काय ओरडू? दोन वर्षं तिकडे एकच शिकलो, साहेबासमोर मध्ये बोलायचं नाही. आणि खरं सांगू... शेजारच्या आवाजात माझ्यापेक्षा जास्त दमणूक होती."

"म्हणजे तू आवाज ऐकलास?"

त्याने विषय बदलला.

आठवड्याने मेल आला. आपल्या पुढच्या वाटचालीसाठी आम्ही प्रार्थना करतो.

त्याने दिशा मॅडमना फोन लावला. जागा कोणाला गेली एवढंच विचारायचं होतं.

"आपके साथ जो सर आये थे ना, उनका हो गया."

"मेरे साथ कोई नहीं था."

"अरे, वो ब्लैक सूटवाले. हिराई... ऐसा कुछ नाम था. मुझे लगा आपके वहाँ के दोस्त हैं."

अभिनवने फोन ठेवला. कपाटातून सूट काढला, आत बघितलं. खिशाच्या वर नाव नव्हतं. दोराच नव्हता. अस्तरावर सुईची बारीक भोकं तेवढी राहिलेली.

सिगारेटचा वासही गेलेला.

आता अभिनव काशीमीऱ्यालाच एका गोडाऊनमध्ये कामाला आहे. जपानचं नाव काढत नाही. सूट मावशीने खाडीत टाकला.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. मावशीने दार उघडलं, पाणी दिलं. मी हॉलमध्ये उभाच. शेवटी मीच म्हणालो, "मावशी, संपलं ना आता ते? नोकरी मिळाली त्या हिराईला. गेला तो."

तिने बेडरूमच्या दाराकडे बघितलं. दार लोटलेलं होतं.

"आला तेव्हा मी आत घेतलं त्याला," ती हळू आवाजात म्हणाली. "जाताना पण काहीतरी म्हणायचं असतं ना रे? अभिनव म्हणायचा ते..."

"शित्सुरेई शिमाश्ता."

"हां. ते अजून त्या खोलीतून कोणी म्हटलेलं नाही."

मी उभ्यानेच चहा प्यायलो आणि निघालो.