कंजूष टाकी

भाचीला मी स्टोअरमधून विषारी वायू मोजायचं मीटर आणायला पाठवलं होतं. दुपारची वेळ, पण बाहेर आभाळ दाटलेलं आणि त्यात वीज गेलेली. माझ्या खोलीला खिडकी नाही. कामगारांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या बाईला कारखान्याने बिनखिडकीची खोली दिली, यावर मी इतकी वर्षं सगळ्यांना टोमणे मारले, पण भिंत काही पाझरली नाही. मी कपाटातून बॅटरीवरचा कंदील काढला, टेबलावर ठेवला आणि तिची वाट बघत बसले.

पुढच्या आठवड्यात मी निवृत्त होणार आणि ही खुर्ची तिची होणार. धाकट्या बहिणीची मुलगी. मावशीचा वशिला, असं लोक म्हणाले. म्हणोत बापडे. पोरगी हुशार आहे आणि खोड माझीच घेतलीय. नको तिथे नाक खुपसल्याशिवाय तिलाही चैन पडत नाही. आमच्या धंद्यात ही खोड लागतेच. घरी मी तिला चिमणे म्हणते, इथे मात्र चुकूनही नाही, कारण इथे तिला उद्या चार बाप्यांना दरडावायचं आहे. तिला इथे पाठवताना तिच्या आईने मला बजावलं होतं, "ताई, एकुलती एक आहे गं माझी. तुझ्या भरवशावर पाठवतेय."

दार ढकलून ती हसतच आत आली.

"आणलं गं मीटर! चल, शेडकडे जायचं ना? आणि काय गं, आवाज सुटला की तुझा! मस्त मोकळा झालाय."

मी तिच्या हातातून मीटर घेतलं. "दार लाव," मी म्हटलं. "बस."

"अगंबाई, परत घोगरा? गार पाणी कमी पी."

"बस म्हटलं ना. शेडकडे नंतर जाऊ. आधी तुला तिसऱ्या टाकीचं सांगायचंय."

तिने खुर्ची पुढे ओढली. गोष्ट म्हटलं की लहानपणीही ती अशीच जवळ सरकायची.

मी तिला सांगितलं ते असं.

आमचा कारखाना फळांच्या रसाचा. पुढच्या बाजूला सगळं चकाचक, बाटल्या, लेबलं, पांढऱ्या टोप्या. मागच्या शेडमध्ये तीन जुन्या लोखंडी टाक्या. साली, चोथा, धुण्याचं पाणी, सगळं त्यात साठतं आणि कुजतं. कुजलं की वायू धरतो, सडक्या अंड्यांसारखा वास येतो. या वायूचा एक वाईट गुण आहे. थोडा असला तर नाक भणभणतं, आणि फार झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. म्हणून मी नव्या कामगारांना सांगते, वास आला तर सावध व्हा, वास गेला तर पळा.

टाकीत माणूस उतरतो तो झाकणाएवढ्या भोकातून. तोंडाशी तीन पायांचा लोखंडी घोडा, त्याला चरखी, चरखीची दोरी आतल्या माणसाच्या पट्ट्याला. आतला तोंडावर मास्क लावतो, मास्कला बाहेरून हवेची नळी. मास्कमधून बोललं तर उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं फक्त घुं घुं ऐकू येतं. म्हणून बोलणं दोरीने. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे सैल सोड, तीन म्हणजे वर ओढ. आणि बाहेर बसलेल्याला एकच नियम, काही झालं तरी आपण आत उतरायचं नाही. अशा टाक्यांत पहिला माणूस मरतो तो वायूने. दुसरा मरतो मायेने.

तर तिसरी टाकी. लोखंडी टाकीच्या तोंडाशी वाकून "ओ" म्हटलं की ती "ओ" परत देते. पहिल्या दोन टाक्या द्यायच्या, तिसरी द्यायची नाही. आवाज आत गेला की गेला. कामगार तिला कंजूष टाकी म्हणायचे. "हिला काही उसनं देऊ नका मॅडम, परत मिळायचं नाही." मी हसले आणि अर्थातच लगेच करून बघितलं. खरंच काही परत आलं नाही. मी इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, तळाचा गाळ आवाज पिऊन टाकतो. टाकी कालच धुतलीय, गाळ कुठला, असं मी म्हटल्यावर त्याला नेमका फोन आला.

मला भीती वाटली नाही. कुतूहल वाटलं. येताजाता मी तिला टिचकी मारून बघायची, कान लावायची. माणसं म्हणायची, बाईंची नि टाकीची मैत्री जमली.

मागच्या वर्षी तिचा तळातला पाइप तुंबला. पुढे माल अडला होता, साहेब घाईला आलेले. आता ही कामं आमची माणसं करत नाहीत, कंत्राटावरची येतात. आज ही, उद्या दुसरी, नियम पाठ होईपर्यंत माणसं बदलतात. त्या दिवशी आले ते दाजी आणि मेहुणा. बहिणीचा नवरा आणि बायकोचा भाऊ अशी जोडी, दिवसभर एकमेकांची टिंगल करणारी. दाजी उतरला. मेहुणा चरखीपाशी आणि मी त्याच्या शेजारी.

"दाजी, बायकोला काही निरोप?" मेहुणा वरून ओरडला. आतून एक हिसका आला. ठीक. आम्ही हसलो.

मग बराच वेळ आत खरवडण्याचा आवाज येत राहिला. ते थांबलं. मी दोरी जरा ओढून विचारलं. हिसका आला नाही. पुन्हा ओढली. दोरी सैल, नुसती लोंबणारी. तेवढ्यात आत टांगलेलं मीटर किंचाळायला लागलं, आणि माझ्या लक्षात आलं की मघापासून येणारा तो सडका वास आता येत नव्हता.

आणि आतून दाजी बोलला.

"अरे... पाय अडकलाय माझा. ये की खाली जरा... हवा चांगली आहे."

मेहुण्याने एक पाय भोकात टाकलासुद्धा. मी त्याच्या कमरेला मिठी मारली. धटिंगण माणूस, मला फरपटत नेत होता.

"सोडा मॅडम! माणूस बोलतोय माझा! ताईला काय तोंड दाखवू मी?"

माझं तोंड त्या भोकावर होतं, आणि असेल नसेल तेवढा जीव घशात आणून मी ओरडले, "थांब! खाली जायचं नाही!"

शेडमधली पाखरं उडाली इतकी मोठ्याने. टाकीने एक अक्षर परत दिलं नाही.

"अरे ऐक," मी म्हटलं. "मास्क लावलेला माणूस असा बोलतो का? इतका स्वच्छ?"

मेहुण्याचा हात गळाला. आतून पुन्हा आलं, "ये की..." अगदी जवळून, अगदी स्वच्छ. त्याने पाय बाहेर काढला, डोळे गच्च मिटले आणि चरखी फिरवायला लागला. रडत होता आणि फिरवत होता.

दाजी वर आला तो बेशुद्ध. मास्क तोंडावर घट्ट. हवेची नळी आत एका पट्टीखाली चेपली गेली होती, म्हणून हवा कमी पडली. वाचला. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय केलं असेल? मेहुण्याला शिव्या घातल्या.

"तू कशाला रे खाली आलास? कानाशी आपली एकच भुणभुण, दाजी मास्क काढा, हवा चांगली आहे... दाजी मास्क काढा..."

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं.

त्याच संध्याकाळी माझा आवाज बसला, तो आजतागायत. डॉक्टरांनी नळी घालून घसा तपासला, म्हणाले सगळं ठणठणीत आहे. कारखान्यात म्हणाले, बाईंना सुट्टी नाही, पण आवाजाला मिळाली. माझे यजमान म्हणाले, घरात कशी शांतता नांदतेय. मीही हसले. पण रात्री उशी ओली व्हायची, कारण याच आवाजाने मी माणसं अडवत होते. कुजबुजत अडवलं तर कोण थांबतं?

टाकी रिकामी करून झाकण बोल्टने आवळलं. आणि माझ्यासारखीला ते पुरेसं होईल होय? मी जाऊन कान लावायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, भास आहे. आत, खोल तळाशी, कोणीतरी म्हणत होतं, "थांब. खाली जायचं नाही." माझाच आवाज, जसाच्या तसा. मी भोळी, मला बरं वाटलं. म्हटलं, उसनं परत द्यायची सुबुद्धी झाली वाटतं हिला.

पुढच्या खेपेला शब्द सुटे झाले होते. "थांब..." मग बराच वेळ काही नाही. मग "खाली..." मूल अक्षरं गिरवतं तसं. त्यानंतर मी गेले तेव्हा "नाही" गळून पडलं होतं. "खाली जायचं... खाली जायचं..." आणि मग एके दिवशी ते शब्द आले, जे मी त्या टाकीपाशी आयुष्यात कधी उच्चारले नव्हते. "हवा चांगली आहे."

त्या दिवसापासून मी कान लावणं सोडलं. साहेबांना सांगून बघितलं. ते फार प्रेमाने म्हणाले, आता विश्रांती घ्या. माल वाढलाय, पुढच्या महिन्यात तिसरी टाकी परत उघडायची आहे. आणि कामगारांना उतरा किंवा थांबा म्हणणारा आवाज माझाच, हे इथल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलंय.

इथे मी थांबले. कंदिलाभोवती एक चिलट फिरत होतं. भाचीच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. डोळे चमकत होते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"मावशी, रेकॉर्ड करून बघितलंस?"

"बघितलं. काही उमटत नाही."

"मग आपण दोघी मिळून..." ती बोलता बोलता थबकली. "थांब. मघाशी..."

"मघाशी काय ऐकलंस ते नीट सांग. काहीएक गाळू नकोस."

"व्हरांड्यात होते. तू हाका मारत होतीस. कुठून ते कळेना, सगळीकडे घुमत होतं. म्हणालीस, 'चिमणे, शेडकडे ये गं. मीटर राहू दे. हवा चांगली आहे.' मला वाटलं इथूनच बोलतेयस. म्हणून मीटर घेऊन आधी इकडे आले."

मीटर आणायचं मी तिला याच खोलीत, तिच्या कानाशी वाकून सांगितलं होतं. दुसरं कोणी नव्हतं. आणि चिमणे हे नाव मी या कारखान्यात कधी तोंडातून काढलेलं नाही.

"मावशी... तू या खोलीतून बाहेर नव्हतीस गेली?"

मी मान हलवली. नाही.

"हे बघ," मी म्हटलं, "यापुढे माझ्या आवाजावर जायचं नाही. माझा हात खांद्यावर पडला तरच मी. दाजी-मेहुणा परत आले तर त्यांना सांग, जो उतरेल त्याला सांग. हाक आली तर ओ द्यायची नाही. एक शब्द तोंडातून काढायचा नाही. कळलं? मघाशी तू ओ नाही ना दिलीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ओठ उघडले आणि काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. तिने घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला. नुसता श्वास बाहेर आला. तिचा हात गळ्याशी गेला.

मला माझ्या बहिणीचा चेहरा दिसला. मी उठून तिच्यामागे उभी राहिले आणि दोन्ही हात तिच्या खांद्यांवर घट्ट दाबले.

तेव्हा शेडकडून तो आवाज आला. माझा. गेल्या वर्षीपर्यंतचा, मोकळा, मायेचा. "चिमणे... ये गं."

भाचीने ओठ गच्च मिटून घेतले. मीही.

आणि तिकडूनच, भाचीच्या खणखणीत आणि हसऱ्या आवाजात उत्तर आलं, "आले गं आले! किती हाका मारशील?"